तीनदा रंग काढला, ओल मात्र तिथेच

पत्र

आम्ही डोंबिवलीत २८ वर्षं जुन्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर राहतो. बाथरूमला लागून असलेली बेडरूमची भिंत कायम ओली असते. पावसाळ्यात जास्त, पण मे महिन्यातही ती पूर्ण सुकत नाही. स्कर्टिंगपासून कमरेपर्यंत पोपडे सुटलेत, पांढरा खार फुटतो, कोपऱ्यात काळी बुरशी धरलीय. छत कोरडं आहे. चार वर्षांत तीनदा रंग काढला, दर वेळी दिवाळीच्या तोंडावर. बाथरूम मी दर रविवारी ऍसिडने लख्ख घासते, तिथे काही खराबी दिसत नाही. वरच्यांकडूनच पाणी येत असणार असं सगळे म्हणाले, म्हणून मी सोसायटीच्या व्हॉट्सऍप ग्रुपवर जरा कडक लिहिलं. आता ते कुटुंब आमच्याशी बोलत नाही.

गेल्या महिन्यात यांनी सासूबाईंच्या औषधांसाठी त्याच भिंतीवर फळी लावायला घेतली आणि ड्रिलने गरम पाण्याचा पाइप फुटला. कॉक कुठे आहे हे घरात कुणालाच माहीत नव्हतं. वॉचमनने इमारतीचं पाणी बंद करेपर्यंत खोलीत घोटाभर पाणी झालं. यांनी एम-सील लावून वरून सिमेंट मारलं. पूर्वी घरातलं सगळं स्वतः करायचे, आता कशालाच हात लावत नाहीत. एक ठेकेदार भिंतीत केमिकलची इंजेक्शनं देऊन वॉटरप्रूफिंग करण्याचे ८५ हजार सांगतोय. गौरी-गणपतीला पाहुणे येणार आहेत. निदान रंग तरी काढून घेऊ का? सासूबाईंना दमा आहे, त्या याच खोलीत झोपतात.

ता. क. : गिझर चालू असताना नळाला हात लावला की कधी कधी मुंग्या येतात. भिंत ओली असल्यामुळे असेल का?

– एक वाचक, डोंबिवली

उत्तर

ताई, तुमचं पत्र मी शेवटाकडून वाचायला घेते, कारण सगळ्यात महत्त्वाची गोष्ट तुम्ही ताज्या कलमात लिहिली आहे. गिझर आत्ताच्या आत्ता बंद करा. नुसतं बटण नको, बोर्डातला त्याचा एमसीबी, म्हणजे आपोआप पडणारा खटका, खाली पाडा आणि वायरमन येऊन तपासेपर्यंत घरातल्या कुणालाही तो चालू करू देऊ नका. आंघोळीचं पाणी तोवर गॅसवर तापवा. गिझर बंद असतानाही नळाला मुंग्या आल्या, तर मेन स्विच पाडा आणि त्याच दिवशी वायरमन बोलवा.

नळाला हात लावल्यावर मुंग्या येतात म्हणजे वीज नळापर्यंत पोचते आहे आणि तिला जमिनीत जायला तुमच्या शरीराची वाट मिळते आहे. हे दोन कारणांनी होत असावं. एक तर गिझरच्या आतल्या कॉइलचं आवरण चिरलं असेल आणि त्याच्या बरोबरीने अर्थिंगही तुटलेलं किंवा मुळातच नसेल. अर्थिंग धड असतं, तर ती वीज तुमच्या हातात न येता हिरव्या वायरमधून जमिनीत गेली असती. दुसरी शक्यता तुमच्या घरात जास्त काळजीची आहे. ज्या भिंतीत ड्रिल घातलं, त्याच भिंतीतून गिझरची वायर गेली असेल आणि तिचं आवरण खरवडलं गेलं असेल, तर ओली भिंत बाकीचं काम करते. मुंग्या ड्रिलच्या आधीपासून येत होत्या की नंतर सुरू झाल्या, हे नीट आठवून वायरमनला सांगा. त्याला शोधायला सोपं जाईल.

‘काही गडबड असती तर एमसीबी पडला असता’ असं बरेच जण म्हणतात. त्यावर विसंबू नका. एमसीबी पडतो तो जास्त भार आला किंवा शॉर्ट सर्किट झालं तर. गिझरचा एमसीबी साधारण १६ किंवा २० अँपिअरचा असतो. माणसाचा जीव जायला त्याच्या कितीतरी कमी, मिलिअँपिअरमध्ये मोजावी इतकी वीज पुरते. एवढी कमी गळती पकडायला वेगळं उपकरण लागतं, आरसीसीबी. जुने वायरमन त्याला ईएलसीबी म्हणतात. घरात गेलेली वीज आणि परत आलेली वीज यांत ३० मिलिअँपिअरचा फरक पडला की तो क्षणार्धात पुरवठा तोडतो. २८ वर्षांपूर्वीच्या बोर्डात तो बहुधा नसेल. परवानाधारक वायरमनकडून अर्थिंग तपासून घ्या आणि ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी बसवून घ्या. त्यावर ‘टेस्ट’चं बटण असतं, ते महिन्यातून एकदा दाबून बघत जा. दाबल्यावर तो पडला पाहिजे. तुमच्या सगळ्या खर्चांत हा खर्च पहिला करा, रंगाच्या आणि ठेकेदाराच्या कितीतरी आधी.

आता भिंतीकडे येऊ.

ओल स्कर्टिंगपासून कमरेपर्यंत चढली आहे आणि छत कोरडं आहे, असं तुम्हीच लिहिलंय. वरच्या मजल्यावरून पाणी आलं तर ते आधी छतावर दिसतं. पिवळा-तपकिरी डाग पडतो, छताच्या रंगाला फुगे येतात, मग ओल भिंतीवरून खाली उतरते. तुमच्याकडे उलट चाललंय. पाणी खाली साचतंय आणि विटा-सिमेंट ते वर ओढून घेताहेत. शिवाय मे महिन्यातही भिंत सुकत नाही, म्हणजे पाऊस हे मूळ कारण नाही. पावसाळ्यात हवा दमट असते, भिंतीतलं पाणी उडून जात नाही आणि फुटलेला खार हवेतला ओलावा धरून ठेवतो, म्हणून ओल वाढलेली दिसते. या सगळ्यावरून मला वाटतं, पाणी तुमच्याच बाथरूममधून येतंय. वरच्या कुटुंबाचा यात संबंध दिसत नाही.

हे वाचून वाईट वाटेल, पण यात एक सोय आहे. दोष आपल्या घरात असेल, तर दुरुस्तीसाठी कुणाची परवानगी मागत, कुणाच्या मागे लागत बसावं लागत नाही.

बाथरूममध्ये काही खराबी दिसत नाही म्हणता, पण ती वरून दिसतही नाही. टाइल्सच्या खाली स्लॅब थोडा खोल सोडलेला असतो. तो खड्डा विटांचे तुकडे आणि सिमेंटच्या कोब्याने भरून त्यावर वॉटरप्रूफिंग करतात आणि मग टाइल्स बसवतात. पाणी आत शिरायच्या वाटा ठरलेल्या असतात: टाइल्समधले सांधे, फरशी आणि भिंत मिळते तो कोपरा, नहाणीच्या, म्हणजे पाणी वाहून जायच्या तोंडाच्या, जाळीभोवतीची जागा आणि भिंतीतले पाइप. एकदा पाणी त्या भरावात शिरलं की साचून राहतं आणि हळूहळू शेजारच्या भिंतीत झिरपतं. तुमच्या वेळच्या इमारतींत बहुतेक जीआय, म्हणजे जस्त चढवलेले लोखंडी, पाइप आहेत. ते आतून गंजतात आणि चुडीच्या, म्हणजे आटे असलेल्या जोडाच्या, जागी आधी पाझरू लागतात.

आणि ते ऍसिड, ताई. दर रविवारी तुम्ही किती कष्टाने बाथरूम घासत असाल याची मला कल्पना आहे. पण ऍसिड टाइलवरचे पांढरे डाग काढतं त्याच वेळी सांध्यातलं सिमेंटही खातं. सांध्यावर नख ओढून बघा. वाळूसारखी भुकटी निघाली, तर पाण्याला तिथूनच वाट मिळाली आहे. ऍसिड आजपासून बंद करा. साधा साबण, सोडा आणि ब्रश पुरेसा आहे. आणखी एक : ऍसिड आणि ब्लीचिंग पावडर कधीही एकत्र वापरू नका. त्यातून क्लोरिन वायू निघतो आणि दम्याच्या माणसाला तर तो फार घातक ठरतो.

फोडाफोडीआधी पाणी नक्की कुठून येतंय ते दोन चाचण्यांनी कळेल. पहिली पाइपची. प्लंबरला हाताने चालवायचा प्रेशर पंप घेऊन यायला सांगा. नळांची तोंडं बंद करून तो लाइनमध्ये दाब भरतो आणि मीटरचा काटा बघत थांबतो. काटा खाली आला, तर पाइप कुठेतरी गळतोय. गार आणि गरम पाण्याची लाइन वेगवेगळी तपासायला सांगा. गरम लाइन पास होईल अशी आशा मला नाही, कारण एम-सील आपल्या जागी चांगलं असलं, तरी सतत दाब आणि गरम-गार होणारं पाणी असलेल्या लाइनवर ते टिकत नाही. तो फुटलेला तुकडा उघडून बदलावाच लागेल. उघडणारच आहात तर सगळी गरम लाइन सीपीव्हीसीची, म्हणजे गरम पाणी सोसणाऱ्या प्लॅस्टिकच्या पाइपची, करून घ्या. सिमेंट मारण्याआधी प्रेशर टेस्ट पुन्हा करून घ्या आणि उघड्या भिंतीचा, शेजारी मोजपट्टी धरून, फोटो काढून ठेवा. पाइप फरशीपासून किती उंचीवर आहे हे पुढच्या वेळी ड्रिल धरणाऱ्याला त्या फोटोवरून कळेल.

दुसरी चाचणी फरशीची. नहाणीच्या जाळीत प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेलं फडकं घट्ट बसवा आणि बाथरूममध्ये इंचभर पाणी भरा, उंबऱ्याच्या खाली राहील इतकंच. पाण्याच्या पातळीची आणि बेडरूमच्या भिंतीवरच्या ओलीच्या कडेची पेन्सिलीने खूण करा, शेजारी वेळ लिहा. २४ तास तसंच राहू द्या. पाणी सहज जाणवेल इतकं उतरलं किंवा ओल खुणेच्या पुढे गेली, तर फरशीतून गळतंय. पाण्यात रंग टाकून बघा असं कुणी सांगेल. टाकायला हरकत नाही, पण सिमेंट आणि विटा तो रंग बऱ्याचदा गाळून घेतात, त्यामुळे रंग बाहेर आला नाही म्हणून निश्चिंत होऊ नका. पेन्सिलीच्या खुणेवर भरवसा ठेवा. दिवसभर आंघोळीची सोय शेजारी बघावी लागेल.

ही चाचणी करण्याआधी एक जिना उतरून पहिल्या मजल्यावर जा. तुमच्या बाथरूमच्या खाली त्यांचं बाथरूम आहे. त्यांच्या छताला डाग आहे का, प्लास्टर फुगलंय का, विचारा. बहुतेक असेल, आणि ती माणसं शेजारधर्म म्हणून गप्प बसली असतील. तिथे प्लास्टर सुटून गंजलेल्या सळया दिसत असतील, तर प्रकरण रंगाचं किंवा टाइल्सचं राहत नाही. गंज लोखंडापेक्षा जास्त जागा घेतो आणि आतून काँक्रीट फोडत जातो. तेव्हा स्ट्रक्चरल इंजिनिअरला दाखवल्याशिवाय कुणालाही ठोकाठोक करू देऊ नका. सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींप्रमाणे १५ ते ३० वर्षांच्या इमारतीचं स्ट्रक्चरल ऑडिट दर पाच वर्षांनी आणि त्याहून जुन्या इमारतीचं दर तीन वर्षांनी व्हायला हवं. तुमच्या इमारतीचं शेवटचं कधी झालं, हे सेक्रेटरींना विचारा.

खर्चाबद्दलही तेच उपविधी स्पष्ट आहेत. बाहेरच्या भिंतीतून येणारं पावसाचं पाणी, गच्ची, बाहेरचे सामाईक पाइप आणि ड्रेनेज यांची गळती सोसायटीने बघायची. घरातल्या संडास, बाथरूम, सिंकच्या गळतीचा खर्च सभासदाचा. म्हणजे तुमचं काम तुमच्या खर्चाने होईल, मात्र सुरू करण्यापूर्वी सोसायटीला पत्र द्या.

आता ते ८५ हजार. त्या ठेकेदाराला एकच प्रश्न विचारा : पाणी कुठून येतंय हे तुम्ही कशावरून ठरवलं? त्याने प्रेशर टेस्ट केली नसेल, पाणी भरून बघितलं नसेल आणि तरी इंजेक्शनचा आकडा सांगत असेल, तर त्याला नम्रपणे परत पाठवा. पाइप गळत असताना बेडरूमच्या बाजूने भिंतीत केमिकल भरलं, तर पाणी दुसरी वाट शोधतं आणि बहुतेक ती खालच्यांच्या छतातून असते. चाचणीत फक्त पाइप दोषी निघाला, तर भिंतीचा एक पट्टा फोडून काम भागेल. सांधे दोषी असतील, तर जुना माल खरवडून काढून इपॉक्सी ग्राउट भरून घ्या. नुसतं पांढरं सिमेंट नको, ते आकसतं आणि थोड्या दिवसांत सुटतं. नहाणी किंवा खालचा कोबाच गेला असेल, तर मात्र पूर्ण बाथरूम फोडावं लागेल, तिथे काटकसर करू नका. त्या वेळी लेखी लिहून घ्या की नवीन वॉटरप्रूफिंगवर, टाइल्स बसवण्याआधी, पाणी भरून चाचणी होईल, आणि ती तुम्ही स्वतः बघाल. शेवटचा हप्ता त्यानंतरच द्या.

गणपतीआधी रंग काढू नका. पाहुणे येणार, घर चांगलं दिसावं ही इच्छा मला पूर्ण समजते. पण ओल्या भिंतीवर प्लॅस्टिक पेंट मारणं म्हणजे ओले कपडे घडी घालून कपाटात ठेवणं. तुमचा तीनदा काढलेला रंग दिवाळीआधी काढला होता, हेही लक्षात घ्या. आपल्याकडे दसरा-दिवाळीला रंग काढायची पद्धत आहे, पण तेव्हा भिंत चार महिन्यांच्या पावसाळ्यातून नुकतीच बाहेर पडलेली असते. कोकणपट्टीत रंगाला त्याहून वाईट वेळ शोधून सापडणार नाही.

ओल झाकण्यासाठी पीव्हीसीचं पॅनेल, वॉलपेपर किंवा प्लायवूड तर अजिबात नको. मागे बुरशी वाढत राहील, प्लायला वाळवी लागेल, आणि सासूबाईंच्या छातीत जाणारी हवा तीच असेल. त्यांची झोपण्याची सोय आजपासून हॉलमध्ये करा. बुरशी दम्याला त्रास देते हे डॉक्टरही सांगतील. मग नाकाला मास्क लावून काळी बुरशी ओल्या फडक्याने पुसून घ्या, कोरडी झाडली तर तिची भुकटी खोलीभर उडते. ती जागा सुकली की सुटलेले पोपडे पत्रीने खरवडा आणि पांढरा खार कोरड्या ब्रशने झाडून बाहेर टाका. खारावर पाणी मारलं, तर तो विरघळून परत भिंतीत जातो. पलंग-कपाट भिंतीपासून हातभर पुढे ओढा आणि पंखा सोडा. पाहुण्यांपुरतं झाकायचंच असेल, तर एखादी सुती साडी दोरीवर, भिंतीपासून वीतभर अंतर ठेवून टांगा. हवा खेळती राहील आणि दिसायलाही बरं दिसेल. कुणी विचारलं, तर काम चालू आहे म्हणून सांगा.

तुमच्या यजमानांबद्दल तुम्ही एकच वाक्य लिहिलंय, पण मला ते महत्त्वाचं वाटलं. हौसेने घरात हात चालवणारा माणूस एका फुटलेल्या पाइपमुळे गप्प होतो, हे बरं नाही. भिंतीत पाइप कुठून गेलाय हे कुणाला दिसत नाही. त्या दिवशी नुकसान वाढलं ते कॉक माहीत नसल्यामुळे, आणि ती जबाबदारी सगळ्या घराची होती. आता त्यांनाच सोबत घेऊन डक्टमधला किंवा गच्चीवरचा आपल्या घराचा प्रत्येक कॉक शोधा. तो फिरतो का बघा, गंजून बसला असेल तर बदला, आणि त्याला ‘बाथरूम’, ‘स्वयंपाकघर’ अशा चिठ्ठ्या तारेने बांधा. चाचणीच्या खुणा करणं, पोपडे काढणं, सांधे खरवडणं, ग्राउट भरणं हे सगळं ते उत्तम करतील आणि मजुरीही वाचेल. विजेचं काम आणि भिंतीतला पाइप मात्र जाणकाराकडेच द्यायचे, हे दोघांनी मिळून ठरवा.

औषधांची फळीही त्यांच्याकडूनच लावून घ्या, हॉलच्या कोरड्या भिंतीवर. नळाच्या, शॉवरच्या, स्विचबोर्डच्या आणि सॉकेटच्या सरळ वर-खाली आणि आडव्या रेषेत भोक पाडायचं नाही, कारण पाइप आणि वायर बहुतेक त्याच रेषांतून जातात. भिंतीच्या पलीकडे काय आहे तेही बघायचं. पाइप आणि वायर शोधणारं डिटेक्टर हार्डवेअरच्या दुकानात मिळतं, ते घ्या. ड्रिल चालवताना त्या भागाचा एमसीबी पाडून ठेवायचा आणि ड्रिलला दुसऱ्या खोलीतून वायर ओढायची. ड्रिलच्या बिटावर गिट्टीच्या (स्क्रूसाठी भोकात घालायच्या प्लॅस्टिकच्या नळीच्या) लांबीइतक्या अंतरावर चिकटपट्टी गुंडाळली, की भोक हवं त्याहून खोल जात नाही.

वरच्या कुटुंबाकडे तुम्ही स्वतः जा. चाचणीचा निकाल हातात आल्यावर जाऊ, असं मनात येईल. थांबू नका. छत कोरडं असताना आपण त्यांना बोललो, एवढं कारण आजच पुरेसं आहे. दोघं मिळून जा, गौरी-गणपतीचं आमंत्रण करा आणि सरळ म्हणा, ‘मी ग्रुपवर लिहिलं ते चुकीचं होतं, न तपासता लिहिलं.’ आणि जिथे आरोप केला, त्याच ग्रुपवर तेवढंच एक वाक्य लिहा. घरी जाऊन माफी मागितली आणि ग्रुपवर गप्प राहिलात, तर बाकीच्या घरांसाठी दोष त्यांच्याच माथी राहील. उद्या काम सुरू झालं की धूळ, आवाज, पाणी बंद हे सगळं त्यांना आणि खालच्यांनाही सोसायचं आहे, त्यासाठीही बोलणं सुरू असलेलं बरं.

कामाचा क्रम असा धरा. वायरमन याच आठवड्यात. गरम लाइनचा कॉक बंद ठेवून प्लंबरची चाचणी शक्यतो गणपतीआधी, फोडाफोड विसर्जनानंतर. गळती थांबली की भिंतीला किमान दोन महिने सुकू द्या, खार लागलेलं प्लास्टर विटेपर्यंत काढून नवीन करा आणि तेही पूर्ण वाळू द्या. रंगाची वेळ झाली का हे ओळखायला फूटभर प्लॅस्टिकचा कागद चारही बाजूंनी चिकटपट्टीने भिंतीला लावून दोन दिवस ठेवा. आतल्या बाजूला दव धरलं, तर अजून थांबा. कोरडा राहिला, तर आधी सिमेंटची पुट्टी, मग प्रायमर. पुट्टीऐवजी पीओपी नको, ते ओल लागली की भुसभुशीत होतं. हे सगळं जमून यायला जानेवारी उजाडेल. तोवर रंगाचा डबा विकत आणू नका.